शेरा

आकडे मी टाकले.
पिवळ्या पट्ट्यावर काळ्या रंगानं.
अमळनेर सोडून पारोळ्याच्या रस्त्याला लागलं की
दोन्ही हातांची मिळून तीनशे चाळीस निंबं.
रोज साडेचारशे. रंगाचा डबा ठेकेदाराचा,
ब्रश माझा.

वैशाखात डांबर चप्पल धरून ठेवायचं.
ज्याच्यावर नंबर टाकायचा
त्याच्याच सावलीत डबा उघडायचो.

तोडणीच्या आदल्या रात्री
तोताराम मिस्तरी आला,
सायकल हातात धरून, चालत.
कॅरिअरला पितळी डबा, त्यात हळदीचे तांदूळ,
आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
मध-तूप.

पहिल्या झाडाशी टोपी काढली,
चार दाणे मुळाशी ठेवले
आणि शेजाऱ्याला निरोप द्यावा तसं म्हणाला,
"आठे जो कोन ऱ्हास,
त्यानी आज रातले दुसरं घर देखी लेवानं.
सकाय करवत येई ऱ्हायनी.
राग धरू नका."

मग दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी.
प्रत्येक झाडाला पूर्ण वाक्य,
कुठेच 'वरीलप्रमाणे' नाही.

मी बॅटरी धरून मागे.
म्हटलं, बाबा, झाडं वाचवायला आलात का?
हसला.
"वाचवायला? जन्मभर कापलीच, पोरा.
बाभळीचे आख, सागाच्या चौकटी,
तुझ्या आज्याच्या गाडीची चाकं माझ्याच हातची.
न विचारता मात्र एक नाही."
बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं.
कुठल्या पोथीत आहे, ठाऊक नाही. असेल, म्हणाला,
इतकी जुनी रीत कागदाशिवाय चालत नाही.
थोडं पुढे जाऊन म्हणाला,
नाहीतर कागदाशिवायच चालते.

एकशे अठराच्या ढोलीतल्या पिंगळ्यानं
मान फिरवून सगळं ऐकून घेतलं.
उडाला नाही.

दोनशे बाराशी तो थांबला.
तांदूळ ठेवले, वाक्य म्हटलं,
मग कान बुंध्याला लावला.
अडीच वाजून गेले होते.
बोरीच्या कोरड्या पात्रातून
वाळूचा ट्रॅक्टर दिवे न लावता गेला.
"हाई नही म्हनस."
काय?
"नाही म्हणतंय. लिहून घे."

मी वही उघडली.
क्रमांक, घेर, उंची, शेरा.
खात्याला विचारून झालं होतं, ग्रामसभेला विचारून झालं होतं,
सह्यांची जागा आधीच छापलेली.
'नाही'ला रकाना कुठेच नव्हता.
शेऱ्याच्या चौकोनात, बॅटरीच्या उजेडात,
मी ती दोन अक्षरं लिहिली.

सकाळी सेंधव्याचा मशीनवाला आला.
तोतारामनं बाटली पुढे केली.
कुऱ्हाडीला लावायचा तो, धारेला,
म्हणजे झाडाला कमी लागतं.
"साखळीला मध? मशीन जाम होईल, बाबा."
मग काय वाटलं त्याला कोण जाणे,
हातमोजे काढले
आणि दोन्ही तळवे पुढे केले.

दोनशे बारा साडेचारला पडलं.
मला कोणी काही विचारलं नाही,
मीही काही बोललो नाही.
बिलं पास झाली, शेऱ्यासकट.

आता शिरपूरकडे काम आहे.
तोताराम गेला पौषात.
आदल्या रात्री मी जातो, डबा माझा,
तांदूळ रेशनचे.
झाडाशी उभा राहून वाक्य सुरू करतो,
आठे जो कोन ऱ्हास,
आणि 'दुसरं घर' या शब्दापाशी
दर वेळी अडतो.
बॅटरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फिरवून पाहतो.
पोचेल तिथवर
पिवळे पट्टे,
माझ्याच हातचे.