वल्ह्याला कान

चोरकोरच्या शाळेत, तापल्या पत्र्याखाली,
मी फळ्यावर आठ वर्तुळं काढली.
बुद्धी एकाच प्रकारची नसते, म्हणाले,
आपलं नाव आपापल्या वर्तुळात लिहा.

खडूसाठी ढकलाढकल झाली.
नाआ कोरकोई आधी गणितात शिरली,
मग पुसून माणसांच्या वर्तुळात गेली:
आईच्या केंकीच्या टोपलीपाशी बसून
उधारी कोण बुडवणार
ते ती चपलांच्या आवाजावरून सांगते.

ओदार्तेई जागचा हलला नाही.
सगळ्या विषयांत ढ, असं मीच
मागच्या वर्षी त्याच्या बापाला सांगितलेलं.
"मॅडम, वल्ह्याला कान लावणं कशात येतं?"

शनिवारी त्याने मला होडीत घेतलं.
वल्हं पाण्यात उभं धरलं,
दांड्याला कान टेकला, डोळे मिटले
आणि गप्प. बराच वेळ गप्प.
"इथे नाही. तिकडे. मोठा थवा आहे, खाली वळतोय."
जाळं ओढताना चौघांचे हात कमी पडले.

मग मीही कान लावला.
मला माझंच रक्त ऐकू आलं,
आणि वर्गात मी किती बोलते, ते.

सोमवारी चाचणी. प्रश्न पहिला:
बुद्धीचे आठ प्रकार लिहा.
त्याने तीन लिहिले, त्यातले दोन चुकीचे.
आठपैकी एक.

लाल पेनाचं टोपण काढून बसले आहे.
बाहेर भरती चढतेय की ओहोटी लागलीय,
मला नुसत्या आवाजावरून कळत नाही.