रुमालाखालचं कलम

बेलापूरला, सातव्या मजल्यावर
पाच देशांचे कायदे एका टेबलावर पसरलेत.
'बाजार' हा शब्द पाचांत आहे,
मावतं मात्र प्रत्येकात वेगळंच.
माझ्याकडे मराठी मसुदा:
प्रबळ स्थान, संबंधित बाजार, संगनमत.
ढाक्याच्या बाई म्हणतात, मॉडेल म्हणजे माल.
कोलंबोचे गृहस्थ म्हणतात, सेवा.
थिंफूचा तरुण हात वर करतो,
आमच्याकडे एकच कंपनी पोचलीय,
तिला प्रबळ म्हणायचं की पाहुणी?
कुणी हसत नाही. चहा येतो.

अकराव्या कलमापाशी गाडी अडली.
दोन यंत्रं, दोन मालकांची,
एकमेकांशी अवाक्षर न बोलता
रोज पहाटे एकच भाव काढतात.
पत्र नाही, फोन नाही, हॉटेलातली बैठक नाही.
मग संगनमत कुणाचं?
कंसात लिहून ठेवलं: नंतर पाहू.

कोपरखैरण्याला घरी आले तेव्हा
अण्णा जेवत होते.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात मापाडी;
घेणाऱ्याचे नाहीत, देणाऱ्याचे नाहीत,
काट्याचे.
सांगितलं त्यांना, जमेल तसं.
म्हणाले, आमच्या जुन्नरची पायली वाईला चालायची नाही.
मग किलो आला सगळीकडे. बरं झालं.
"भांडणं मिटली?"
"छे. काट्याकडे गेली.
काटा कुणाच्या मालकीचा,
हे विचारलंय का तुमच्या कागदात?"

खिडकीतून महापेच्या अंगाला
एक बिनखिडक्यांची इमारत दिसते.
तिचे पंखे दिवाळीतही सुट्टी घेत नाहीत.
पाटीवर फक्त प्लॉट नंबर.

मी मसुदा काढला, त्यांनी ताटाखाली सारला.
"हात दे इकडे."
खांद्यावरचा पंचा माझ्या मनगटावर टाकला,
खाली माझी दोन बोटं धरली,
मग चार, मग अंगठ्याचं पेर दाबलं.
"किती?"
चाळीस पानं पाठ आहेत मला.
"बोललो का मी काही?"
"नाही."
"आणि शेजारच्या गाळ्यावर हाच भाव निघाला, तर?"

पंचा दमट होता, हळदीचा वास येत होता.
पुन्हा दाबा, म्हटलं.
त्यांनी दाबलं.
या खेपेला आकडा वेगळा होता,
की मलाच तसं वाटलं.