काहीच नही

एरंडोलात लग्नाचे मांडे म्हणजे माझी आई.
दुरपताबाई म्हटलं की लोकांना
आधी तिचे हात आठवायचे, मग तोंड.
गोळा उजव्या मनगटावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर,
ताटाएवढा, सुपाएवढा,
मग पलीकडची चूल दिसेल इतका पातळ,
आणि अलगद उपड्या खापरावर.

एकदा ती स्वतःच पडली खापरावर.
तिची फीट सांगून येत नसे.
उभी असायची, आणि नसायची.
चप्पल हुंगवून झाली, कांदा झाला,
धुळ्याच्या गोळ्या, जळगावच्या गोळ्या.
दिवसातून अकरा वेळा पडायला लागली तेव्हा
मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर अक्रोड काढला
आणि मधोमध रेघ मारली.
"दोन अर्धांची इथली बोलणी बंद करायची.
इकडची आग तिकडे जाणार नाही."
मी सही केली. आईने अंगठा दिला, डावा.

पडणं थांबलं. हे आधी सांगते,
कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, मग कशाला केलं?

दोन महिने उजवा हात पोलक्याची बटणं लावी
आणि डावा सोडी.
"हाऊ हात मन्हा नही," म्हणायची,
शेजारणीची तक्रार सांगावी तशी.
मग तेही मिटलं.
आता बाजारात भेटली तर तुम्हाला काही कळणार नाही.
तिलाही कळत नाही.
तिला विचारा, ती एकच आहे.

तपासणीला एक तरुण डॉक्टरीण होती.
पडद्याच्या मध्यावर ठिपका.
"आजी, नजर ठिपक्यावरच."
डावीकडे, पापणी लवायच्या आत, एक चित्र.
"काय दिसलं?"
"काहीच नही."
आणि टेबलाखाली, फडक्याआड,
डावा हात कंगवा सोडून, किल्ली सोडून, वाटी सोडून
चिमट्यावर थांबला.
चित्र चिमट्याचंच होतं.
"हा का घेतला, आजी?"
आई क्षणभरही अडखळली नाही.
"घर जाईसन पोळ्या करन्या शेतस ना."

खोटं बोलताना ती पदर नीट करते.
पदराला हात लागला नव्हता.
तोंडाला कुणी काही कळवलंच नव्हतं,
तरी त्याने पाहुण्यासमोर घर आवरावं तसं
आवरून घेतलं.

एक गोष्ट मी करायला नको होती.
घरी, टॉवेलखाली, तिच्या डाव्या हातात
अण्णांचं चावीचं घड्याळ ठेवलं.
अण्णा गेल्यापासून ते कपाटात होतं, बंद.
"काय आहे, माय?"
"काय माहीत. दगड व्हई."
टॉवेल जरासा हलत होता.
अंगठ्याला चावी सापडली होती
आणि तो ती फिरवत होता, सावकाश,
रोज रात्री साडेनऊला अण्णा फिरवायचे तशी.
आईचे डोळे भरून आले.
"धूर कितला शे आठे," ती म्हणाली.
गॅस बंद होता.

त्यानंतर मी काही ठेवलं नाही तिच्या हातात.
पण मला कुणी विचारलं,
शाळेतली नोकरी सोडून इथे का परतलीस,
तर मी लगेच उत्तर देते. इतकं लगेच
की आता त्या उत्तराचीच भीती वाटते.

आखाजीला ती म्हणाली, खापर काढ.
डॉक्टरीण म्हणाली होती, दोन्ही हातांचं नवं काम
आता शिकणं कठीण; जुनं बहुतेक राहील.
बहुतेक, म्हणाली होती.
पहिला मांडा फाटला.
दुसरा निघाला उजवीकडून डावीकडे,
डावीकडून उजवीकडे, कुठला हात कुणाला काय सांगत होता
मला दिसलं नाही,
आणि खापर झाकून चारी बाजूंनी खाली लोंबला.

"कसं जमनं, माय?"

आईने लगेच सांगितलं.
मी ते लिहून ठेवलेलं नाही.