जाळी गरम आहे तोवर

शेवटचं गिऱ्हाईक साडेबाराला उठतं.
नियाजभाई ओठ हलवत गल्ला मोजतात
आणि मी जाळीकडे वळते.
गरम आहे तोवरच ती ऐकते.
गार झाली की चरबी मेणासारखी बसते,
मग भांडत राहा तिच्याशी उजाडेपर्यंत.

मे महिना. सदरच्या या बोळात
रात्री एक वाजताही भिंतीला पाठ टेकवत नाही.
वरच्या खिडकीत कूलरचा पंप गुरगुरतो,
वाळ्याचा वास खाली आमच्या धुरात उतरतो,
टिकत नाही.

आज नवा पोट्टा आलाय, प्रज्वल.
बुटीबोरीच्या कारखान्यातून कमी केलेला.
तारेचा ब्रश घेऊन उभा.
"मावशी, कायले एवढा टाइम लावता?
दोन मिनिटात चमकवून देतो."

मी फळीवरची काडेपेटी काढली.
आत काड्या नाहीत. एक तार आहे,
भुवईच्या केसाएवढी.
कामठीहून आलेल्या एका बाईच्या पोरीची जीभ धरून
मीच ती उपटली होती मोबाइलच्या उजेडात,
पोरगी माझ्या मनगटाला चावत असताना.
बाई तरी बिलाचे पैसे देत होती.
नियाजभाईंनी घेतले नाहीत.
महिनाभर त्यांनी स्वतः सीख खाल्ली नाही.

"ठेव बे थो ब्रश."

निखारे एका कडेला लोट.
ड्रमचं झाकण पाड, पाच मिनिटं कोरडीच तापू दे,
चिकटलंय त्याची आधी राख होऊ दे.
मग अर्धा कांदा, सळईला खुपसलेला,
जाड्या मिठात दाबून.
सळयांच्या दिशेनं ओढ. आडवा नको.
इथे कांदा रडवत नाही, तोच ओरडतो.

नंतर काथ्या. टेकडीच्या गणपतीजवळचा नारळवाला
गोणीभर देतो, वीस रुपयांत.
प्रज्वल थबकला.
"देवाच्या नारळाचा... बकऱ्याच्या चरबीले...
चालते का हो?"
म्हटलं, काथ्याले विचार.

मग जोर आला त्याला. घासतच सुटला,
एका कोपऱ्यात लोखंड पांढरं दिसेस्तोवर.
मी हात धरला.
अरे, दोन काळे आहेत इथे.
बोट फिरव. बोटाला येईल ते काढ,
ते कालचं आहे, परवाचं,
कुणाच्यातरी साखरपुड्याच्या पार्टीचं.
बोटाला येत नाही ते राहू दे.
ते तेलाचं आहे, अकरा वर्षांचं.
ते गेलं तर उद्या पहिलं मांस
लोखंडाला असं धरून बसेल
की फाटेल पण सुटणार नाही.

माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
त्याच्या फणीच्या दांड्यावर असंच काळं होतं,
चार बोटं लागायची तेवढ्याच जागी.
आई दिवाळीला घर खरवडून काढायची,
पाट, कड्या, देवसुद्धा,
त्या दांड्यावर फक्त फडकं फिरवायची.
माग विकला तेव्हा लाकूड किलोवर गेलं.
काट्यावर त्या काळ्याचं वजन
किती भरलं असेल, मी विचारलं नाही.
कुणी सांगितलं असतं?

तेलाचा बोळा फिरवला. जाळी खिळ्याला टांगली.
मागच्या भिंतीवर धुरानं उमटलेली तिचीच रेघोटी,
जराशी तिरपी,
कारण जुना खिळा दोन बोटं डावीकडे होता.

प्रज्वलनं साबणाने दोनदा हात धुतले.
मग बल्बखाली येऊन उजवा अंगठा पुढे केला,
नखाच्या कडेला रुतलेली काळी कोर.
"हे इथलं नाई मावशी. कंपनीतलं हाये.
ग्रीस.
चार महिने झाले, जाऊनच नाही रायलं.
हे कोनतं?"

मी माझा अंगठा त्यावर घासला.
उजेडात धरून पाहिला.

"झालं का तुमचं?" म्हणत नियाजभाईंनी
बल्ब बंद केला.