किती दिवसांत पोचतं

नारिनच्या पोस्टात सव्वीस वर्षं झाली,
देश मी खोक्यांवरून ओळखते.
तुर्कस्तानचं नऊ दिवसांत येतं, चिकटपट्टी नुसती अघळपघळ.
हंगेरीचं एकोणीस. कोपरे शाबूत, गाठ पक्की.
मलेशियाचं कधी महिना, कधी दोन,
पुठ्ठा नरम पडलेला
आणि कसलासा गोडसर वास,
दुपारभर बोटांना राहतो.

आयझिरेकनं वहीत तीन रकाने आखलेत.
फी. शिष्यवृत्ती. भाषा.
मामा म्हणतो, तुर्कस्तान; त्यांची बोली आपल्या चुलत घरातली.
म्हणूनच नको, ती म्हणते.
बाप विचारतो, बुडापेस्टात थंडी किती गं?
उणे तीसमध्ये शाळेत चालत गेलेल्या पोरीला!

मला कुणी विचारत नाही. बरंच आहे.
चौथा रकाना माझ्या डोक्यात आहे,
त्यात नुसते आकडे.

मुदत रात्री बारापर्यंत.
मी चहा ओतते, पेला अर्धाच.
आमच्याकडे काठोकाठ भरून दिला
तर पाहुण्यानं ओळखायचं, निघायची वेळ झाली.
अर्धा प्यायचा, पुन्हा मागायचा, बसायचं.
ती पिते. मी ओतते.
पाच वेळा. सहा.

पावणेबाराला तिनं बटण दाबलं
आणि किटली माझ्या हातातून घेऊन
आपला पेला आपणच भरला,
मेणकापडावर सांडेपर्यंत.

एकोणीस, मी मनात म्हटलं.
सुट्ट्या धरल्या नाहीत.