कडक भाकरीला आवाज असतो

आमच्या घरात बरी आहेस का, असं कुणी विचारत नाही.
तिन्नावा? विचारतात. जेवलीस?
पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून, मागांच्या खडखडाटावरून
ओरडून विचारायचा एवढा एकच प्रश्न.
मी हो म्हणते.
माझ्याकडे होचे दोन प्रकार आहेत, दोन्ही खोटे.

सिव्हिलमधल्या हत्तुरे मॅडमनी वही दिली आहे.
काय खाल्लंस ते नको, म्हणाल्या,
खाण्याआधी काय झालं ते लिही.

तर मंगळवार.
टॉवेलच्या गठ्ठ्यांची बिलं करत होते. शेठ म्हणाला,
श्रीलता, खुर्ची बदलावी लागेल तुझी, मजबूत आणू.
सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांच्या आधी थांबले.
दुपारी डबा उघडला तर
शेंगाचटणीचं तेल कडेला आलेलं,
तेच लाल तेल, ज्याच्यासाठी लहानपणी
भावाला चावले होते मी.
आता तेच माझ्याकडे बघत होतं.
डबा मिटला. चहासुद्धा घेतला नाही.
आणि खोटं कशाला लिहू,
संध्याकाळपर्यंत फार हलकं, फार शहाणं वाटत होतं.

गुरुवार. नळाला पाणी, पाचव्या दिवशी.
अम्मा आणि वदिना घागरींवरून भांडल्या,
भांडणात माझं लग्न आलं, ते येतंच,
नळाला थेंब यायच्या आधी येतं.
रात्री दोनला मी फडताळापाशी.
भूक नव्हती. हे मॅडमना कसं सांगू,
पोट भरलेलं होतं,
छातीत मावत नव्हतं त्याला जागा हवी होती.

आता कडक भाकरीचं असं आहे,
ती मोडली की अख्ख्या घराला कळतं.
म्हणून मी ती पाण्यात बुडवते,
पाच दिवस पुरवायच्या पाण्यात.
मऊ होऊ देते, मुकी होऊ देते,
आणि उभ्याउभ्या, अंधारात,
एक, मग चार, मग थप्पीच.
चव?
चव कळायला तोंडात कुणीतरी घरी असावं लागतं.

न खाणं आणि खात सुटणं,
मला वाटायचं ही दोन वेगळी माणसं.
आपली चादर उलटी करून बघा:
तीच फुलं, रंग तेवढे उलटे.

अम्मा विड्या वळते, दिवसाला हजार.
ती मोजत नाही, बोटांना कळतं.
माझ्या कशालाच कळत नाही पुरे म्हणजे किती.

काल रविवार. लिहिण्यासारखं काही झालं नाही.
कुणी काही म्हणालं नाही, नुसतं ऊन होतं.
तरी रात्री उठले.
वाडग्यात पाणी घेतलं, मग कोण जाणे,
परत माठात ओतलं.
भाकरी कोरडीच मोडली.
कडाडली.
पलीकडे अम्मानं कूस बदलली.
आता विचारेल, आता विचारेल ती.

नाही विचारलं.
चाचपत आली, तंबाखूच्या वासासकट शेजारी बसली,
हात पुढे केला.
मी अर्धा तुकडा दिला.
दोघींच्या दातांचा आवाज, तिचे चार कमी.
खारट लागलं काहीतरी. भाकरीला मीठ होतं, बहुतेक.
दुसरी मोडायला घेतली आणि ठेवून दिली.
का ठेवली, ते अजून लिहिलेलं नाही.

आज सोमवार.
डबा न उघडताच परत आणलाय.
अम्मा पानं भिजवतेय, मान वर न करता म्हणते,
आवाज आला नाही आज.