किलवर तिर्री

पंखा तीनवर गेला की तपासणीचा पडदा उडायचा.
मी हार्डवेअरवाल्याकडून सात वायसर आणले
आणि शिवले त्याच्या काठात, एकेक.
डॉक्टर उबाळे म्हणाल्या, सुगंधा, खर्चात मांड.
चौदा रुपये काय मांडायचे.

कन्नमवार नगरातला दवाखाना म्हणजे
दहा बाय बारा, मध्ये प्लायवूड.
भिंतीला कान असतात म्हणे,
प्लायला तोंडसुद्धा असतं.
म्हणून आत कुणाचा आवाज फुटला
की मी बाहेरचा नळ सोडते बादलीत, मोठा.
बाकावरच्या बायका म्हणतात,
हिला सारखी बादली कशी गं लागते?

नाव पुकारायचं नाही, हा माझा कायदा.
जुन्या कॅटमधला एकेक पत्ता देते हातात.
इस्पिक सत्ती, चला आत.
बदाम राणी, थांबा जरा, लघवी केलीत का?
तांबोळींची धाकटी सून दुखण्यातही हसली होती:
"मागच्या खेपेला गुलाम होते,
आज दश्शीवर आले."

घाडीगावकर आले एकदा, शर्टाची बटणं खालीवर लावलेली.
बायको माझी आहे, मला कळायला नको?
डॉक्टर म्हणाल्या, हवं की. तिला विचारा.
घरीच आहे ना ती.
मग माझ्या टेबलाशी आले, आवाज साखरेचा:
सुगंधाताई, एका बिल्डिंगीतले आपण,
वही उघडीच असेल तर बघतो नुसतं.
मी वहीवर बसले.
अक्षरशः. बूड टेकून. ते जाईपर्यंत.
रात्री हसत हसत सांगितलं केतकीला,
म्हणजे नाव गाळून सांगितलं,
आणि ती हसली नाही, ते तेव्हा
माझ्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी माझी सुट्टी असते.
गुरुवारी कॅटमध्ये एकावन्न भरले.
गेला असेल कुणाच्या पर्समधून, म्हटलं.
रविवारी धुणं पिळताना
केतकीच्या निळ्या कुर्त्याच्या खिशातून
किलवर तिर्री निघाली,
फुगलेली, कडेला दोन पदर सुटलेले.

नळ चालू होता.
मी तो बंद केला नाही.

वीस वर्षं सरली तिला गेल्या श्रावणात.
ताप आला होता? पाळी? केस फार गळतात म्हणत होती,
की दुसरंच काही, ज्याला मी
शब्दसुद्धा लावू धजत नाही.
वहीची किल्ली माझ्या कमरेला.
दवाखाना अकरा मिनिटांवर.
रविवार. कुणी नाही तिथे.
मुलगी माझी आहे,
मला कळायला नको?

हे वाक्य मी मोठ्यानं बोलले असणार,
कारण दोरीवरचा कावळा उडाला
आणि मला घाडीगावकरांची बटणं आठवली.

ती आली तेव्हा पोळ्या लाटत होते.
चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं
तर विचारलं असतं.
उद्या डबा नेणारेस? म्हटलं.
नेईन, म्हणाली.
जरा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली,
पिठाचा एक गोळा उचलून दाबत बसली लहानपणीसारखा,
मग ठेवला परत परातीत.
मी थांबले होते. लाटणं थांबलं होतं.
आई, पोळी करपतेय, म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, किती नंबर आहेत?
नऊ, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते जरासं जास्त पाहिलं,
किंवा मला तसं वाटलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
राग आला मला त्यांचा,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरला.

तो पत्ता इस्त्रीखाली धरला, वहीखाली दाबला.
सरळ झाला तसा,
पण पिसताना बोटाला लागायचा, न बघता कळायचा.
खूण झालेला पत्ता डावात ठेवत नाहीत.
आता एकावन्नावर भागवते.
तिर्री घरी आहे, केतकीच्या खणात,
जिथे ती रुमाल ठेवते, त्यांच्यावर,
चित्र वर करून.
महिना झाला.
तिनं ती हलवलेली नाही.
खण मात्र आता
पूर्ण बंद करत नाही ती.